अर्थ लागत नाही

खंबाटकीचा घाट चढत होतो. अमीर खाँसाहेबांचा मारवा लागला होता. मागच्या सीटवरून आत्या म्हणाली, "तुझा तानपुरा चढतोय रे."

तानपुरा चढत नव्हता. चढत होती गाडी, आणि तिच्याबरोबर स्पीकरमधून येणारी एक बारीक कुईं. ॲक्सिलरेटर दाबला की ती वर जायची, सोडला की खाली यायची. गिअर बदलला की धपकन आपटायची आणि पुन्हा नव्या उमेदीनं चढायला लागायची. दातांच्या डॉक्टरकडे पाळीची वाट बघत बसलं की आतून जो आवाज ऐकू येतो, त्या जातीचा आवाज. मारव्यात पंचम वर्ज्य आहे. पण आमची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ताणली की वाटेत पंचमाला शिवून आल्याशिवाय राहत नव्हती.

"अहो, आवाज कमी करा ना जरा," बायको म्हणाली.

मी व्हॉल्यूम पार शून्यावर आणला. खाँसाहेब गेले. कुईं राहिली.

आत्यानं तीस वर्षं मुलांना गाणं शिकवलंय. तिच्या कानासमोर आमच्या घराण्यात कुणी तोंड उघडत नाही. घाट उतरून भुईंजला चहाला थांबलो, तेव्हा तिनं मला गाडी बंद करू दिली नाही. फोनवर तानपुऱ्याचं ॲप काढलं, स्पीकरशी कान नेला आणि निकाल दिला, "पांढरी दोन. किंचित वर. आता जरा रेस दे."

मी काटा आठशेवरून बाराशेवर नेला.

"पंचम. अजून."

सोळाशे.

"वरचा सा. गाडी सुरेल आहे हो तुझी. गवयाशी तेवढं पटत नाही तिचं."

शेजारच्या टेबलावरचे दोघे भजी खायचे थांबले होते.

आता हा 'टेप' आमच्याकडे कसा आला ते सांगतो. (त्यात टेप नाही, कॅसेट नाही, सीडीही नाही, पण आमच्या पिढीत गाडीत जे वाजतं त्याला टेप म्हणतात.) गाडी सेकंडहँड, डिझेल, सोसायटीतल्या जागेत जेमतेम मावणारी. पन्नाशी उलटल्यावर माणसं गुडघे तपासून घेतात. मी गाडीत ॲम्प्लिफायर बसवून घेतला. पुतण्या म्हणाला, "काका, कंपनीच्या टेपमध्ये डग्गा ऐकूच येत नाही तुम्हाला." हे खरं होतं. मग एका कार डेकोरच्या दुकानात दोन तासांत काम झालं. डॅशबोर्डमध्ये नवा टेप, डिकीत ॲम्प, त्याच्या शेजारी बटाट्याच्या पोत्याएवढा सबवूफर. फिटिंग करणाऱ्या मुलाच्या कानात पूर्ण वेळ इअरफोन होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

साताऱ्याला लग्न होतं. तिथे मी एक चूक केली. कार्यालयाच्या आवारात गाडी लावून बोनेट उघडलं.

उघडलेलं बोनेट आणि पुरुष हा गूळ आणि मुंगळ्यांचा संबंध आहे. अक्षतांना अजून पाऊण तास होता. पाच मिनिटांत सात जण जमले, त्यातले तिघे मुलाकडचे, म्हणजे माझी-त्यांची ओळखही नव्हती. प्रत्येकानं आधी दोन्ही हात मागे बांधून आत पाहिलं. इंजिनाकडे असं पाहिलं की ते लाजून काहीतरी सांगेल, असा आपल्याकडे समज आहे.

"स्पार्क प्लग," मावशीचे यजमान म्हणाले.

"डिझेल आहे," मी म्हणालो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, डिझेल दाबानंच पेटतं, त्यामुळे स्पार्क प्लगही नसतो.

"तरी एकदा साफ करून बघ."

मावशीच्या यजमानांची एक बाजू मात्र घेतली पाहिजे. पेट्रोलच्या गाडीत ठिणगीचा आवाज स्पीकरात येतो, हे खरंय. पण तो टकटक येतो, वेग वाढला की टकटक जलद होते. आमची कुईं अखंड होती, मिंडेसारखी. तापाचा आणि खोकल्याचा जेवढा फरक, तेवढा. पण लग्नाच्या मांडवात हे सांगणार कुणाला? मुलाकडचे एक जण म्हणाले, बॅटरी बदला. दुसरे म्हणाले, वायर चायनाची असणार. तिसरे काही बोलले नाहीत, बॅटरीवर बोटानं टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्यानं जेवायला गेले. त्यांचंच मला सगळ्यात जास्त पटलं होतं.

या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट समान होती आणि ती मला फार उशिरा दिसली. प्रत्येक जण काहीतरी आणायला सांगत होता. काढून बघा असं एकही जण म्हणाला नाही.

पुण्याला आल्यावर मी आणायला सुरुवात केली. ज्या दुकानातून टेप घेतला, तिथला मालक माझं बोलणं अर्धं ऐकून म्हणाला, "साहेब, कॉमन आहे. नॉईज फिल्टर टाकू." साडेतीनशे रुपये. ॲम्पला वीज नेणाऱ्या तारेत एक काळी डबी बसली. कुईंवर काहीही परिणाम झाला नाही. नंतर कळलं की होणारच नव्हता. चोर गॅलरीतून येत होता आणि आम्ही पुढच्या दाराला कुलूप लावलं होतं.

मग कपॅसिटर. एक फॅरडचा, थर्मासएवढा, चकचकीत, वर निळ्या आकड्यांत व्होल्टेज दाखवणारा. अठ्ठावीसशे. गाडी चालू असताना त्यावर १४.१ असा आकडा दिसायचा. कुईं तशीच राहिली, पण आता ती किती व्होल्टवर चालली आहे ते कळू लागलं.

तिसरी वस्तू विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीतून मीच शोधून आणली. वस्तूचं नाव ग्राउंड लूप आयसोलेटर. सहाशे रुपये. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. गाण्याचा सिग्नल चुंबकातून पलीकडे उडी मारतो, तारेला तार लागत नाही. लावला, गाडी चालू केली, रेस दिली. शांतता! मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटाच हसलो. मग तबल्याची एक रेकॉर्ड लावली आणि लक्षात आलं की तबलजी फक्त उजव्या हातानं वाजवतोय. स्वस्तातला चिमुकला ट्रान्सफॉर्मर खर्जाचे स्वर पेलू शकत नाही, ते वाटेतच सांडतात. ज्या डग्ग्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तो डग्गाच औषधानं मेला. आयसोलेटर काढला. कुईं परत आली. खरं सांगायचं तर जरा बरंच वाटलं, घरचं माणूस परत आल्यासारखं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. आत्याची पांढरी दोन डोक्यातून जात नव्हती.

गाडीत वीज तयार करतो अल्टरनेटर. जुने मिस्त्री त्याला अजून डायनमो म्हणतात. त्यात तारेच्या गुंडाळ्यांचे तीन संच असतात आणि तिन्हींत उलटसुलट वाहणारी वीज एकामागून एक उसळते. गाडीला हवी एका दिशेची वीज. म्हणून सहा डायोड बसवून उलट्या लाटा सुलट्या करतात. पण सुलट्या झाल्या तरी लाटाच त्या. वरची कड पन्हाळी पत्र्यासारखी राहते. बहुतेक खळबळ बॅटरी गिळून टाकते, उरलेली तारांमधून फिरत राहते. नेहमीच्या बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरच्या एका फेऱ्यात अशा छत्तीस लाटा निघतात. त्याची पुली लहान असते, त्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्यात तो अडीचेक फेरे घेतो. इंजिन आठशेवर असेल तर अल्टरनेटर मिनिटाला दोन हजार, सेकंदाला तेहेतीस पूर्णांक एक तृतीयांश. गुणिले छत्तीस. बरोबर बाराशे.

सेकंदाला बाराशे कंपनं. त्या उंचीवरची पांढरी दोन असते अकराशे पंचाहत्तरच्या आसपास. पांढरी दोन, किंचित वर! आणि आठशेचे बाराशे म्हणजे दीडपट, तो पंचम. सोळाशे म्हणजे दुप्पट, तो वरचा सा. मी रात्री साडेअकराला आत्याला फोन केला. ती म्हणाली, "हे मी तुला भुईंजलाच सांगितलं होतं," आणि फोन ठेवला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण मग मी इतिहासात शिरलो. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन नावाच्या माणसानं स्वतःच्या स्टुडबेकर गाडीत रेडिओ बसवला आणि अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन भरलं होतं तिथे गेला. आत स्टॉल नव्हता, म्हणून गाडी बाहेर उभी करून जाणाऱ्यायेणाऱ्याला ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. तो बनवताना त्याच्या माणसांचा मोठा वेळ कशात गेला असेल? गाडीतून येणारी खरखर घालवण्यात. प्लग खरखरतोय, जनरेटर खरखरतोय, एकेक दाबत आणायचा. म्हणजे गाडीतलं गाणं आणि गाडीतली खरखर जुळ्या बहिणी आहेत. त्या माणसांत एल्मर वेव्हरिंग नावाचा एक तरुण होता. पुढे हाच वेव्हरिंग त्या कंपनीत खूप वर चढला, आणि गाड्यांमध्ये जुन्या जनरेटरच्या जागी अल्टरनेटर आणणाऱ्यांतही त्याचंच नाव घेतात. घरात सतार ज्यानं आणली, त्यानंच माजघरात पिठाची गिरणी टाकावी, तसं हे झालं.

शेवटी ज्या माणसाकडे जायचं होतं, त्याच्याकडे मी गेलो तो वायपर बंद पडले म्हणून. सातारा रस्त्यावर एका पिंपळाखाली एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. दुकान म्हणजे एक पत्र्याची पेटी, एक स्टूल आणि दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा बल्ब. या बल्बला टेस्ट लॅम्प म्हणतात आणि तो निम्म्या पुणे शहराच्या गाड्यांची नाडी बघतो. वायपरचा फ्यूज दोन मिनिटांत झाला. मी सहज कुईंचा विषय काढला आणि सवयीनं कपॅसिटर, फिल्टर, आयसोलेटर असं पुराण लावलं.

"साहेब, जरा गप ऱ्हावा," मिस्त्री म्हणाले. "ऐकू द्या."

गेल्या दोन महिन्यांत ऐकू द्या म्हणणारी ही दुसरी व्यक्ती. पहिली आत्या.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून आवाज शून्यावर आणला. कुईं तेवढीच. "टेपचं बटन फिरवून आवाज कमी होत न्हाई, म्हंजी टेपच्या आतून येत न्हाई. पुढं कुठंतरी शिरतोय." मग डिकी उघडून टेपकडून ॲम्पला आलेल्या आरसीए तारांची दोन्ही टोकं उपटली. शांतता. "ॲम्प बोलत न्हाई सोताहून." मग स्वतःचा मोबाइल एका छोट्या तारेनं थेट ॲम्पला लावला, चार्जरशिवाय, मांडीवर ठेवून. डिकीतून एक लावणी स्वच्छ, खणखणीत वाजली. पिंपळाखालचा चहावाला बाहेर आला. इंजिन चालूच होतं, कुईं औषधाला नव्हती. "ॲम्प बी चांगला." मग मीटर काढून बॅटरीवर धरला, डायनमोचे डायोड गेलेत का ते पाहायला. आकडा जेमतेम हलला. "डायनमो बी चांगला."

मला वाटायला लागलं, आता फक्त मीच उरलोय.

मग त्यांनी पेटीतून एक लांबच लांब वायर काढली. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला चिमटलं, दुसरं खिडकीतून डिकीपर्यंत आणून मीटरला जोडलं आणि मीटरची दुसरी पिन ॲम्पच्या मायनसवर टेकवली. दोन्ही एकच जागा. आकडा शून्याजवळ यायला हवा. मीटर ०.६ दाखवत होता. मिस्त्रींनी मान वर केली आणि दोन महिन्यांत कुणी बोललं नव्हतं ते वाक्य बोलले.

"साहेब, अर्थ लागत न्हाई."

मलाही लागत नव्हता. पण ते वेगळ्या अर्थाबद्दल बोलत होते.

गाडीतला अर्थ ही एक गंमत आहे. घरातला अर्थ निदान जमिनीत जातो. गाडी चार रबरी चाकांवर उभी, जमिनीशी तिचा संबंध काय? तरी अर्थ म्हणायचं. गाडीत जाणारी वीज तारेतून जाते आणि परत येते ती गाडीच्या पत्र्यातून. बॅटरीचा मायनस पत्र्याला बांधलेला असतो, आणि प्रत्येक उपकरणानं आपला मायनस जवळच्या पत्र्याला बांधून मोकळं व्हायचं. टेपनं पुढे बांधला, ॲम्पनं डिकीत. शिवाय दोघांना जोडणाऱ्या आरसीए तारेची बाहेरची जाळीही मायनसच. आता ॲम्पची डिकीतली गाठ कच्ची असली तर काय होईल? मुख्य रस्ता खोदून ठेवला की वाहनं जशी सोसायट्यांमधल्या बोळांत घुसतात, तशी परतीची वीज या जाळीत घुसते. जाळीतून गाणं जात असतं. अल्टरनेटरच्या लाटाही त्याच गर्दीत शिरतात, आणि ॲम्प बिचारा, जे आलं ते गाणं समजून मोठं करून वाजवतो. त्याची काय चूक?

मिस्त्रींनी डिकीतली चटई उचलली. खाली फॅक्टरीतला काळा डांबरी थर. त्यावर रंग. त्या रंगावर, इअरफोन घातलेल्या त्या मुलानं एक पत्र्याचा स्क्रू पिळून ठेवला होता. स्क्रू हातानं फिरत होता.

पुढच्या दहा मिनिटांत जे झालं ते मी डोळ्यांत साठवून ठेवलंय. मिस्त्रींनी पटाशीनं डांबर उचकटलं. पॉलिश पेपरचा तुकडा बोटाला गुंडाळून, जुन्या एक रुपयाच्या नाण्याएवढी जागा घासायला घेतली. आधी गाडीचा रंग गेला, मग राखाडी प्रायमर, मग पत्रा दिसला, नव्या ताटासारखा. ॲम्पची अर्थ वायर मीटरभर वेटोळं करून ठेवलेली होती, ती कापून हातभर केली. टोकाला नवा लग दाबला. स्क्रूच्या जागी नटबोल्ट, मध्ये दातेरी वॉशर, पाना मारताना मानेची शीर दिसेल एवढा जोर. शेवटी वरून बोटभर ग्रीस, पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून. मीटर पुन्हा लावला. ०.०२.

आरसीए खोचल्या. रेस दिली. दोन हजार, तीन हजार. खाँसाहेब आणि फक्त खाँसाहेब. डग्गा असा घुमला की पिंपळावरचा कावळा उडाला. (कावळा उडायला तशी अनेक कारणं असतात. पण मी ते श्रेय डग्ग्याला दिलंय.)

"किती झाले?"

"वायपर धरून दोनशे द्या."

मी त्यांना पावणेचार हजारांच्या डब्या दाखवल्या. त्यांनी कपॅसिटर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "चांगला हाय," म्हणाले, "घड्याळासारखा."

महिन्याभरानं एकदा कुईं परत आली तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं. पण आता मला रीत माहीत होती. एकेक काढत गेलो. पुतण्यानं फोन एकाच वेळी गाडीच्या चार्जरलाही लावला होता आणि ऑक्सच्या तारेलाही. पुन्हा तोच वळसा, फक्त छोटा. चार्जर उपटला, कुईं गेली. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एकदम मेकॅनिक झालात." मी गंभीर चेहरा करून डॅशबोर्डवर बोटानं टकटक केलं.

आत्याला परवा मुद्दाम खंबाटकीवरून नेलं. घाट चढून झाला तरी ती काही बोलेना. मी विचारलं, कसं वाटतंय?

"बरं आहे," ती म्हणाली. "डावीकडचा मागचा दरवाजा खडखडतो, तो आता ऐकू येतो."

असो. माझ्याकडे एक नॉईज फिल्टर, एक निळ्या आकड्यांचा कपॅसिटर आणि एक आयसोलेटर पडून आहे. तिन्ही चालू स्थितीत. ज्याला हवे असतील त्यानं फुकट घेऊन जावे. फक्त निघण्यापूर्वी डिकीतली चटई उचला आणि ॲम्पचा स्क्रू हातानं फिरतो का ते तेवढं बघून या.